परदेशातून आलेली पोरं आणि विदर्भाचा पाऊस : या चुका टाळा

नॉर्वे असो, जर्मनी असो की इंग्लंड, तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी पडते ती ऐन जुलै-ऑगस्टात. म्हणजे लेकी-जावयांना गावी यायला सवड मिळते, ती नेमकी आपल्याकडे नाले भरून वाहत असताना.

आमची धाकटी बहीण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बर्गनजवळच्या एका छोट्या गावात राहते. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या नागपूरच्या जवळपास दुप्पट. पण तो बारा महिने थोडाथोडा पडत राहतो. तिकडे बालवाडीतल्या पोरांनाही पावसात रानात नेतात. ‘हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात’ अशी म्हणच आहे त्यांची. त्यामुळे पोरं पावसाला भीत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. गोची एवढीच की तिकडे कपड्यांनी भागतं, इकडे भागत नाही. इकडे निघायची वेळ आणि पाय ठेवायची जागा पाहावी लागते.

बॅग भरताना

तिकडचा जाड रबरी रेनसूट थंडीसाठी असतो. आपल्याकडे पाऊस पडत असतानाही हवा पंचवीस-तीस अंशांची आणि दमट. त्या सुटात पोरगं पावसानं नाही तर घामानं भिजतं आणि संध्याकाळी पाठभर घामोळ्या. त्यापेक्षा लवकर वाळणारी पातळ फुलपँट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि छत्री बरी. भिजलं तर भिजू द्या, घरी येऊन अंग पुसलं की झालं.

गमबूट यवतमाळ-वर्ध्याकडच्या काळ्या मातीत काही कामाचे नाहीत. दहा पावलांत एकेका बुटाला दोन-दोन किलो चिखल लागतो. मग पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो. घोट्याला पट्टा असलेली सँडल घाला. अनवाणी चालायची हौस बांधीतच (भाताच्या खाचरात) पुरवा, पांधणीत म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेत नको, तिथे बाभळीचे काटे चिखलात दिसत नाहीत.

आणि भाड्याची मोटार पांधणीत घालूच नका. फसलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जातं. चाकापुढचा चिखल हातानं काढा, जवळच्या गोठ्यातून पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्या) मागून घ्या, चाकाखाली आडव्या टाका आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू बाहेर काढा. तरी नाही निघाली तर ट्रॅक्टर बोलवा. गावात तेवढ्यासाठी कोणी हसत नाही (हसतात, पण काढूनही देतात).

रपट्यावरचं पाणी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तिकडून आलेल्या माणसाला वाटतं, रस्ता आहे म्हणजे जाता येतं, नसेल जाता येत तर कोणीतरी बॅरिकेड लावलं असेल. आपल्याकडच्या रपट्याला, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाला, ना कठडा, ना कधीकधी मोजपट्टी. पाणी गढूळ, खालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला ते दिसत नाही. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी सरकायला लागते, दोन फुटांत जीपही टिकत नाही. समोरून एसटी निघाली म्हणून आपणही निघावं, असं तर मुळीच नाही. थांबा. नाल्याचा पूर बहुधा दोन-चार तासांत उतरतो, अलीकडच्या गावात चहा मिळतोच आणि मुक्कामाची वेळ आली तर घरही मिळतं.

नदीचं गणित वेगळं. तिथे आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून उपयोग नाही. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वर मुसळधार झाली, तिकडच्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं गेलं आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत पूर आला. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत, त्यातले किती उघडलेत हे खालच्या गावांना विचारूनच पोरांना नदीवर न्यायचं. ऊन पडलंय, वाळू मोकळी दिसतेय, म्हणून डबे घेऊन पात्रात बसणं हा वेडेपणा आहे. मालगुजारी तलावाच्या सांडव्यावर खेळायलाही नको, तिथलं शेवाळ मोठ्या माणसालाही उभं राहू देत नाही.

वीज

पाऊस आला की सगळे शेतातल्या एकट्या मोहाखाली पळतात. वीज तिथेच पडायची शक्यता जास्त. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायला पोरांना शिकवा, त्यांना तो खेळच वाटतो. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते उतरल्याबरोबर फोनमध्ये टाकून घ्या.

शेतात पोरं नेताना

भंडारा-गोंदियाकडे असाल तर रोवणी, म्हणजे भाताची लावणी, दाखवाच. पण आधी मालकाला विचारा. बाया एकरी ठरवून काम करत असतात, त्यांच्या ओळीत पोरं घुसली की त्यांचा रोज बुडतो. एक कोपरा मागून घ्या, पऱ्ह्याची (भाताच्या रोपांची) एक पेंढी हातात द्या, दोन-तीन काड्या एकत्र धरून बोटांनी चिखलात कशा रोवायच्या ते एखादी आजी दाखवते. धुऱ्यावरून (बांधावरून) चालायचं ते एकामागे एक. धुरा फुटला तर बांधीचं पाणी जातं आणि मग शेतकऱ्याचं तोंड सुटतं, त्यात त्याची चूक नाही.

कपाशीकडे असाल तर फवारणी चालू आहे का ते पाहा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. पाठीवर पंप दिसला किंवा औषधाचा वास आला की त्या शेताच्या कडेनंही जायचं नाही. रिकामे डबे पोरांच्या हाती लागू देऊ नका.

सात्या (रानातली अळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) जरूर खा, पण बाजारातल्या ओळखीच्या बाईकडून घेऊन. पोरांनी रानातून वेचून आणलेली अळंबीची छत्री कढईत टाकायची नाही.

साप चावला तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, 108 ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा दुखतही नाही, म्हणून पाहुण्यांची पथारी खाली टाकू नका. खाटेवर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा.

ताडोब्याचं म्हणाल तर कोअर क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं. तिकिटं काढताना बफरचं गेट पाहा.

परत गेल्यावरचा ताप

गवतात लोळणं हे तिकडच्या पोरांचं नेहमीचं. आपल्याकडे पावसाळ्यातल्या गवतात बारीक किडे असतात, त्यांच्या चावण्यानं स्क्रब टायफस नावाचा ताप होतो. 2018 मध्ये नागपूर आणि आसपास त्याची साथच आली होती. ताप यायला आठ-दहा दिवस किंवा त्याहून जास्त लागतात, म्हणजे तोवर विमान पोचलेलं असतं. हिवतापही असाच उशिरा उठतो. तिकडचा डॉक्टर सर्दी-फ्लू म्हणून परत पाठवण्याची भीती असते. म्हणून ताप आल्याबरोबर सांगा की आम्ही भारतात खेड्यात होतो, शेतात आणि गवतात फिरलो. काखेत, जांघेत, कमरेला काळी खपली आहे का ते स्वतः पाहा आणि त्याला दाखवा. खपली दिसली, तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या गोळीनं काम होतं, फक्त ती वेळेवर सुरू व्हावी लागते.