कॅप्स लॉक कायमचं बंद करायचंय?

'ए' दाबायला गेलं की शेजारचं कॅप्स लॉक दाबलं जातं आणि मान वर करून बघेपर्यंत अख्खी ओळ कॅपिटलमधे टाईप झालेली असते, फार वैताग येतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज हे फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात कीबोर्ड मॅनेजर उघडून रिमॅप अ की वर जा, डावीकडे कॅप्स लॉक निवडा, उजवीकडे डिसेबल, ओके, झालं! इन्सर्टचंही असंच करता येतं. फक्त पॉवरटॉईज मागे चालू असायला हवं, आणि लॉगिनचा पासवर्ड टाकताना ते लागू होत नाही हं. तिथेही बटण बंदच हवं असेल तर शार्पकीज हे सॉफ्टवेअर वापरा, ते थेट रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथे) नोंद करतं, मग एकदा रीस्टार्ट करावं लागतं.