जाहिरात निघण्याआधीची फाइल

अनुदानाची जाहिरात निघाली की हातात दिवस थोडे असतात, आणि त्यातले निम्मे सीएच्या ऑफिसात नि झेरॉक्सच्या दुकानात जातात. म्हणून ही तयारी जाहिरात नसताना करायची. सोलापुरात त्यासाठी उत्तम वेळ म्हणजे जानेवारीत संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकल्यानंतरची; मार्चअखेरपर्यंत दोन महिने मोकळे मिळतात. पूर्व भागात, नई जिंदगीत, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत बायकांसाठी जी लहान मंडळं काम करतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांचं काम खणखणीत असतं. अडतं ते कागदावर, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवात संस्थेच्या घटनेपासून करा. कपाटातून काढा आणि उद्देशांचं पान मोठ्यानं वाचा. बहुतेक जुन्या मंडळांच्या उद्देशांत हळदीकुंकू, शिवणवर्ग, वाचनालय एवढंच असतं. हिंसाग्रस्त महिलांना मदत, समुपदेशन, निवारा, पाळणाघर यांतलं जे तुम्ही करता किंवा करू इच्छिता ते तिथे नसेल, तर दुरुस्ती लागेल. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे उद्देश बदलायला दोन विशेष सभा लागतात, त्यांत महिन्याचं अंतर लागतं आणि दोन्ही सभांत तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते. सभेची नोटीस, हजेरी, सूचक-अनुमोदकांची नावं, सगळं प्रोसिडिंग बुकात त्याच दिवशी लिहा.

मग धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा आणि त्यावरची नावं आजच्या कार्यकारिणीशी ताडून पाहा. आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई वारल्या, आम्ही नवीन अध्यक्ष निवडल्या, पेढे वाटले, आणि हा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज द्यायचं राहून गेलं. कायद्यानं तो बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असतो. दोन वर्षांनी एका योजनेसाठी प्रस्ताव दिला तेव्हा सही एकीची आणि उताऱ्यावर नाव दुसरीचं. प्रस्ताव पहिल्याच छाननीत बाजूला पडला. त्या वर्षी ज्या बायकांना आम्ही ‘यंदा काहीतरी होईल’ म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यासमोर जायला पाय उचलत नव्हता. हा एक अर्ज आजच बघा, बाकीचं नंतर वाचा.

गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, आयकर-सवलतीची नोंदणी (जिला बोलताना सगळे 12ए म्हणतात) आणि तिची मुदत, हे एका पिशवीत ठेवा. इथे एक घोटाळा हमखास होतो. आयकराच्या नोंदणीला म्हणतात 12ए, आणि मिळालेलं अनुदान कसं खर्च केलं हे दाखवणाऱ्या विनियोग प्रमाणपत्राचा केंद्राच्या वित्तीय नियमांतला नमुनाही 12-ए. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. कोणी ‘ट्वेल्व्ह-ए आणा’ म्हणालं तर कुठलं ते विचारून घ्या, लाजू नका.

आता कामाचा पुरावा. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सीए हा तुम्हाला आणून देऊ शकत नाही. अशोक चौकाजवळच्या एका मंडळाचं हजेरीबुक मी एकदा चाळलं होतं. दोनशे पानी वही, पानांना तंबाखूचा वास, कारण बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळताच बैठकीला बसायच्या. काही सह्या मराठीत, काही तेलुगूत, बाकी सगळे निळे अंगठे. चार वर्षांचं काम त्या वहीत होतं: नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई, पगार अडवलेली बाई, सोळाव्या वर्षी लग्न ठरलेली मुलगी. पण कितीतरी पानांवर तारीख नव्हती आणि अंगठ्यासमोर नाव नव्हतं. परक्या माणसाला ती वही म्हणजे नुसते डाग. त्यामुळे आजपासून प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण, विषय लिहा, अंगठ्यासमोर ‘निशाणी डावा अंगठा’ आणि मराठीत पूर्ण नाव लिहा, शेजारी साक्षीदाराची सही घ्या. जुन्या पानांवर मात्र आता तारखा घालू नका. कोणी कितीही आग्रह केला तरी मागच्या तारखेची नवी वही बनवू नका. अर्धवट पण खरी वही मी दहा वेळा पुढे करेन, खोटी एकदाही नाही.

छळाच्या तक्रारी घेत असाल तर त्यांची नोंदवही वेगळी, कुलपात. प्रस्तावाला बाईचं नाव, फोटो, पत्ता जोडायचा नाही. क्रमांक द्या, वय, वॉर्ड, अडचण, काय केलं आणि पुढे काय झालं एवढं पुरतं. बाईच्या सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो लावला की प्रस्ताव ‘वजनदार’ होतो असं सांगणारे भेटतात. ती बाई उद्या त्याच गल्लीत पाणी भरायला जाणार आहे, हे त्यांना सांगा. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 10 खाली संस्थेला सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी करता येते; या क्षेत्रात सातत्यानं काम करणार असाल तर तो अर्जही तयार ठेवा.

पैसा कुठून येऊ शकतो याचा अभ्यास करा. 2021-22 ते 2025-26 या काळासाठी आखलेल्या केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या योजनेचे दोन भाग. ‘संबल’मध्ये सखी वन स्टॉप सेंटर (हिंसाग्रस्त बाईला एकाच ठिकाणी मदत), 181 हेल्पलाइन, नारी अदालत (बायकांचे तंटे समजुतीनं सोडवणारी) येतात, ‘सामर्थ्य’मध्ये शक्ती सदन (संकटातल्या बायकांचा निवारा), सखी निवास (नोकरदार बायकांचं वसतिगृह), पालना (पाळणाघर). पूर्वीची स्वाधार गृह आणि उज्ज्वला या दोन योजना आता शक्ती सदनात आल्या आहेत, त्यामुळे जुन्या प्रस्तावातली ‘स्वाधार’ नावं तशीच उतरवू नका. मुदत पाहता, अर्ज करताना त्या वर्षी लागू असलेल्या मार्गदर्शक सूचनाच हातात घ्या. जवळचा पैसाही विसरू नका. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. बचत गटांच्या बाजूनं जायचं असेल तर 1975 पासून काम करणारं माविम, म्हणजे राज्याचं महिला आर्थिक विकास महामंडळ, आहे. पण सगळीच दारं ठोठावू नका. जे काम आधीपासून करता, त्याला लागू पडणारी एकच योजना निवडा. योजनेसाठी काम बदललेली मंडळं मी पाहिली आहेत. अनुदान थांबलं की त्यांच्याकडे ना नवं उरलं ना जुनं.

अंदाजपत्रकात समुपदेशक ताईंचं मानधन पूर्ण धरा. ‘आमच्या ताई सेवाभावानं करतात’ हे वाक्य काढून टाका. समानतेचं काम करणाऱ्या संस्थेनंच बाईचे श्रम फुकट मोजले तर काय उरलं? हप्ते उशिरा येतात, म्हणून सहा महिन्यांचं भाडं आणि मानधन निघेल एवढी तजवीज वर्गणीतून आधी करा. ती होत नसेल तर प्रस्ताव लहान करा. योजनेसाठी बँकेत वेगळं खातं, दोघींच्या सह्या. त्या रकमेवरचं व्याज संस्थेचं नसतं, केंद्राच्या अनुदानावरचं ते परत भरावं लागतं. 5000 रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावा.

संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याप्रमाणे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती तुमच्याकडेही हवी, बाहेरच्या सदस्यासह. दुसऱ्यांना शिकवतो म्हणून आपल्याला सूट नाही.

जागेचा भाडेकरार, वीजबिल, बाहेरचा बोर्ड आणि चालू स्थितीतला संडास हे तपासणीला येणारे आधी बघतात. सगळ्या फाइलचे दोन संच करा, पानांवर क्रमांक टाका, पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. आणि पाहणीची वेळ तुम्हाला विचारली तर विड्यांचा माल कारखान्यात द्यायला जायची वेळ टाळा. बायकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, उशिरा गेलं तर त्यांची त्या दिवशीची मजुरी बुडते.