चेंबर नवा, तरी खाली ऑइलचा डाग

आमच्या कुडाळकडे जांभ्याच्या वाटांवर चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं, फुटणं काही नवीन नाही. पावसात माती वाहून जाते, मधला दगड उघडा पडतो, आणि गाडी भरलेली असली की खालून 'ठण्ण'. नवा चेंबर बसतो, गाडी घरी जाते आणि मग फोन येतो, "मिस्त्री, परत डाग पडतोय." यावर कुणीही उपाय सांगतो: चेंबर काढा, भरपूर सिलिकॉन थापा, बोल्ट कचकचून आवळा. चेंबर काढायची बऱ्याचदा गरज नसते, आणि उरलेल्या दोन गोष्टींमुळेच तो गळत असतो.

आधी ऑइल कुठून येतंय ते पक्कं करा. चेंबर इंजिनच्या तळाशी, म्हणून वर कुठेही गळलं तरी थेंब पडतो त्याच्याच खालून. इंजिन थंड असताना खालची बाजू डिझेल आणि ब्रशने धुवा, मग ब्रेक क्लीनर मारून कोरडी करा. त्यावर साधी टाल्कम पावडर उडवा आणि गाडी उभ्यानेच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. लगेच रस्त्यावर काढू नका, वाऱ्याने ऑइल मागे पसरतं आणि खरी जागा कळत नाही. टॉर्च घेऊन खालून वर बघत जा. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली असेल, तिथून गळती सुरू होते. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच आणि फिल्टरचं तोंड या तीन जागा हमखास बघा. चेंबरबरोबर फिल्टरही बदललेला असतो. जुन्याची रबर रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर गाडी चालू करताच धार लागते. अशी गाडी चालवायचीच नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून, बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) खालून थेंब पडत असेल तर संशय क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलवर. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गळती महिन्याला चार थेंबांची असेल तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, थांबा, क्लच प्लेट बदलायची वेळ आली की तेव्हाच सील घालू. उगाच दोनदा मजुरी कशाला? मात्र ऑइल क्लचवर जाऊन तो घसरायला लागला, तर थांबू नका.

आणखी एक जागा बघायची राहून जाते, ती म्हणजे ब्रीदरची, इंजिनच्या पोटातला वायू बाहेर काढणारी नळी. ती काळ्या गाळाने तुंबली की इंजिनच्या पोटात दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सांध्यातून बाहेर येतं. नळी काढा, साफ करा, त्या वाटेवर पीसीव्ही व्हॉल्व्ह (वायू सोडणारी झडप) असेल तर तोही तपासा. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल तर तेवढं काढून टाका.

थेंब नेमका ड्रेन बोल्टच्या टोकावर लटकत असेल तर काम स्वस्तात झालं. तिथला वायसर एकदा दाबला गेला की तसाच परत वापरायचा नसतो. ॲल्युमिनियमचा असेल तर नवाच घाला. तांब्याचा लाल होईपर्यंत तापवून गार केला की मऊ पडतो आणि पुन्हा चालतो. बोल्ट आवळताना नुसताच फिरत राहिला तर आटे गेलेत. टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, घाला.

एवढं बघूनही चेंबरचाच सांधा ओला निघाला, तर मात्र तो काढावा लागतो. गाडी जॅकवर सोडून खाली शिरायचं नाही. घोड्या (जॅक स्टँड) लावा, मागच्या चाकांना अडण द्या, आणि जॅक चेंबरला लावू नका. ऑइल कोमट असताना डब्यात काढा. बोल्ट सुटले तरी चेंबर चिकटून राहतो; त्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसलात तर ब्लॉकच्या कडेला ओरखडा पडतो आणि पुढे तो ओरखडाच गळतो. लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके देऊन सोडवा.

आता खरं काम, सफाई. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पोट उघडं असताना एमरी पेपर किंवा घासायची चकती लावू नका, तिची कच बेअरिंगपर्यंत जाते. ब्लॉकमधून ऑइल तासन्‌तास पाझरत असतं, म्हणून मी तो रात्रभर निथळू देतो. सकाळी ब्रेक क्लीनर आणि धागे न सुटणारं फडकं. पेट्रोलने पुसून भागत नाही, मागे तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर सिलिकॉन धरत नाही. बोल्टच्या भोकांतलं ऑइलही काढा. भोक आरपार नसेल तर बोल्टखाली अडकलेलं ऑइल ब्लॉकला तडा देऊ शकतं.

पत्र्याचा चेंबर आधी जास्त आवळला गेला असेल तर भोकांभोवतीचा पत्रा वर उचलला जातो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. खाली सपाट लोखंड धरून ती जागा हातोडीने बसवा, मग सरळ पट्टी ठेवून उजेड दिसतो का बघा. ॲल्युमिनियमचा ओतीव चेंबर मात्र ठोकू नका, वाकला असेल तर बदला.

पॅकिंग असलेल्या गाडीला नवं पॅकिंग घाला आणि वर सिलिकॉन थापू नका. फक्त ब्लॉक, टायमिंग कव्हर आणि चेंबर असे तीन भाग जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर एकेक ठिपका द्या. पॅकिंग नसलेल्या चेंबरला गॅस्केट मेकरची, म्हणजे ट्यूबमधल्या सिलिकॉनची, साधारण ३ मिलिमीटर जाडीची, कुठेही न तुटलेली वळी भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. जाड वळी म्हणजे मजबुती नव्हे. जास्तीचं आत दाबलं जातं, तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं आणि इंजिन जाम होतं. चेंबर सरळ वर नेऊन बसवा, सरकवू नका.

बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून बाहेर, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. छोट्या गाड्यांच्या १० नंबरी पान्याच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क रेंच नसेल तर आखूड पाना घ्या. लांब दांडीने अंदाज येत नाही.

ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या. घाई नसेल तर मी २४ तासांनीच ऑइल भरतो. गाडी चालू केल्यावर प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाहीतर लगेच बंद करा. मग रात्री खाली पुठ्ठा पसरा. कॉर्कचं पॅकिंग थोडं बसतं, त्याचे बोल्ट काही दिवसांनी हलक्या हाताने तपासायला हरकत नाही. सिलिकॉन एकदा सुकलं की त्या बोल्टांना पाना लावायचा नाही, धरलेला सांधा सुटतो.