मान पिरगळलेल्या कबुतराची घरातली शुश्रूषा

कबुतराची मान वाकडी, कधी डोके पार उलटे. दाण्यावर चोच मारते, पण नेम चुकतो. दचकले की गोल फिरते किंवा मागे कोलमडते. शिटेत पाणीच जास्त. ही बहुधा पॅरामिक्झो विषाणूची लक्षणे. हा विषाणू म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडीचा, राणीखेतचा, भाऊबंद. त्यावर औषध नाही, पण पोट भरत राहिले तर बरीच कबुतरे सहा ते बारा आठवड्यांत सावरतात. ती दगावतात ती मुख्यतः भुकेने, समोर दाणे असूनही. म्हणून तुमचे काम वैद्याचे कमी आणि भरवणाऱ्याचे जास्त.

पकडताना अंगावर टॉवेल टाका आणि पंख मिटवून दोन्ही हातांत धरा. छाती दाबू नका, पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवरच चालतो. हातमोजे, मास्क वापरा. घरात दम्याचा रुग्ण असेल किंवा कोंबड्या, लव्हबर्ड असतील तर हा पाहुणा दुसऱ्या घरी द्या. हात धुण्याआधी डोळ्यांना लावू नका, या विषाणूने माणसाचेही डोळे येतात.

खोक्याला भोके पाडा, तळाशी टॉवेल घाला, वर वर्तमानपत्र. वळकटी केलेल्या टॉवेलचे कडे करून त्यात पक्षी बसवला की कोलमडत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडले तर त्याला सरकता येते. खोके शांत, अंधाऱ्या जागी असू द्या. आवाजाने आणि उजेडाने झटके वाढतात.

क्रम पक्का: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. अंग गार असताना भरवलेले पचत नाही, गळ्याखालच्या पिशवीत (क्रॉपमध्ये) आंबते. ऊब आली की कोमट पाणी खोल वाटीत द्या आणि चोच फक्त नाकपुड्यांच्या खालपर्यंत बुडवा. कबूतर मान वर न करता पाणी ओढून पिते. ड्रॉपरने घशात ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते; पाणी तिकडे गेले की खेळ संपला.

भरवायला फ्रोझन मटार सर्वांत सोपा. गरम पाण्यात भिजवून कोमट करा, वाटल्यास थोडा मका मिसळा. पक्षी टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या, एका हाताने चोच हळूच उघडा, मटार जिभेच्या मागे ठेवा आणि चोच मिटू द्या. एका वेळी 30 ते 40 दाणे, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी 10-15 पुरेत. आधीचे क्रॉपमधून उतरल्याशिवाय पुढचे देऊ नका. बोटाने हलकेच चाचपले की कळते. ब्रेड, दूध, फरसाण नको. (दया दाखवायची म्हणून पाव भिजवून घालणारे पुष्कळ भेटतात.)

रोज सकाळी भरवण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. पूर्ण वाढलेले कबूतर साधारण 250 ते 350 ग्रॅम भरते. सलग दोन-तीन दिवस वजन उतरले तर तुमचे भरवणे कमी पडते आहे. शीट हिरवीगार आणि अगदी थोडी असेल तर पोट रिकामे आहे, असे समजा.

सोबत खोल वाटीत चार बोटे ज्वारी-बाजरी-वाटाण्याचे दाणे ठेवा. नेम चुकला तरी चोच दाण्यांतच घुसते आणि काही ना काही तोंडात येते. याच वाटीवर पक्षी हळूहळू स्वतः खायला शिकतो.

आता घरात न थांबण्याच्या खुणा. तोंडात पिवळसर दह्यासारखे थर म्हणजे कॅन्कर (कबुतरांच्या तोंड-घशाचा परजीवी रोग, कर्करोग नव्हे). ते खरवडू नका, रक्त वाहते. मांजराने धरले असेल तर जखम बारीक दिसली तरी काही तासांत प्रतिजैविक लागते. पायात मांजा रुतला असेल तर ओढू नका. शिसे पोटात गेले तरी अशीच लक्षणे दिसतात, म्हणून एकदा पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवाच; मुंबईत परळचे बैल-घोडा हॉस्पिटल आहे.

विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी फवारा, मग पुसा. कागद रोज बदला.

सोडण्याची घाई करू नका. निदान सहा आठवडे पक्षी विषाणू पसरवू शकतो. स्वतः दाणे टिपतो, वजन टिकते आणि बंद खोलीत सरळ उडून उंच जागी बसतो, हे तिन्ही जमले की जिथे सापडला तिथेच, सकाळी, निरभ्र दिवशी सोडा. दचकल्यावर अजून मान वळत असेल तर आणखी पंधरा दिवस ठेवा.