हायब्रिड एसयूव्हीचे टायर बदलायचेत? दुकानात जाण्याआधीची तयारी

महागड्या हायब्रिड एसयूव्हीचे पहिले टायर संपत आले की दोन गोष्टी एकदम कळतात. चार टायरचा खर्च सहज लाखाच्या घरात जातो, आणि आपल्या मापाचा टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. म्हणून ही तयारी एप्रिल-मेमध्येच उरकलेली बरी. पहिला पाऊस पडला की टायरवाल्यांकडे रांगा लागतात आणि दुकानात जे पडलेलं असेल ते गळ्यात मारलं जातं.

सगळ्यात आधी टायर खरंच संपलेत का ते बघा. खाचेची खोली मोजायचं गेज ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतं, तेवढं घेऊन ठेवा. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, आणि खाचेच्या तळाशी असलेले रबराचे छोटे उंचवटे तेवढ्याच उंचीचे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे टायर संपला. पण आपल्याकडच्या पावसात एवढं थांबणं मला पटत नाही. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात भर जुलैमध्ये गाडी न्यायची असेल, तर ३ मिलिमीटरलाच टायर बदलावेत, कारण रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकायला त्याहून उथळ खाच पुरत नाही. मोजताना एकाच जागी मोजू नका. बाहेरची कड, मधला भाग आणि आतली कड, तिन्ही ठिकाणी मोजा. आतली कड जास्त घासलेली दिसली तर आधी अलाइनमेंटचं बघावं लागेल, नाहीतर नवे टायरही तसेच खाल्ले जातील. साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, फुगा दिसला तर मात्र खोली मोजत बसू नका, तो टायर बादच.

मग कागद-पेन घ्या आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. लेक्सस एनएक्स ३५०एचचं उदाहरण घेऊ. या गाडीला २० इंची रिमवर २३५/५० आर २० असं माप येतं. टायर २३५ मिलिमीटर रुंद, साईडवॉलची उंची रुंदीच्या ५० टक्के, रिम २० इंचाची. हे बहुतेकांना माहीत असतं. गडबड होते ती त्यापुढच्या आकड्यात. मापानंतर येणारा दोन-तीन अंकी आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलू शकतो त्याचा सांकेतिक क्रमांक. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. हायब्रिडमध्ये इंजिन आहेच, शिवाय मोटर आणि बॅटरीचं वजन आहे. प्लग-इन, म्हणजे वायर लावून चार्ज करायची असेल, तर बॅटरी आणखी मोठी. त्यामुळे दुकानदार ‘माप सेम आहे साहेब’ म्हणाला तरी हा क्रमांक स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलाय त्याहून एकनेही कमी चालवून घेऊ नका. मूळ टायरवर ‘एक्सएल’ (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त वजन पेलणारा) असेल तर नवाही एक्सएलच हवा.

त्याच्या शेजारचं अक्षर वेगमर्यादेचं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० ची, मग व्ही घेऊन करायचं काय, असा प्रश्न पडतो. पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं. मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर, गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असताना तासन्‌तास एकाच वेगाने जायचं, तर तिथे खालचं अक्षर घेऊन पैसे वाचवण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये समृद्धीवर गुळगुळीत टायरच्या गाड्या प्रवेशद्वारावर अडवायला आरटीओने सुरुवात केली, ती उगाच नव्हे.

साईडवॉलवर आणखी एक खूण शोधा. व्होल्वोसाठी बनवलेल्या टायरवर ‘व्हीओएल’, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, बीएमडब्ल्यूसाठी छोटी चांदणी. त्या कंपनीने आपल्या गाडीवर तपासून घेतलेला टायर, एवढाच त्याचा अर्थ. मिळाला तर उत्तम. मात्र जून २०२० पासून भारतात नव्या टायरची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे नेमकी खूण असलेला टायर कधी कधी महिनोन्‌महिने मिळत नाही. अशा वेळी माप, वजनाचा क्रमांक, वेगाचं अक्षर आणि एक्सएल जुळत असेल तर खुणेसाठी अडून बसू नये, असं माझं मत. आयएसआयची खूण मात्र हवीच. ती नसेल तर तो माल कुठून आला ते विचारा आणि दुसरं दुकान गाठा.

आता निवडीचं. या गाड्यांसाठी माझा क्रम ठरलेला आहे: ओल्या रस्त्यावरची पकड पहिली, आवाज दुसरा, मायलेज तिसरं. हायब्रिड घेतलेला माणूस नेमका उलटा विचार करतो, कारण त्याने गाडीच मायलेज बघून घेतलेली असते. रबर रस्त्यावर सहज लोळावं म्हणून केलेल्या तडजोडी काही स्वस्त टायरमध्ये थेट पावसातल्या ब्रेकिंगवर येतात. चांगल्या कंपन्या दोन्ही साधतात, त्याचेच जास्त पैसे घेतात. फ्रिज-एसीवर असतं ते बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेचं, स्टार लेबल टायरलाही मिळतं. ते दिसलं तर जरूर बघा, पण ते इंधन वाचवण्याबद्दल बोलतं, पावसाबद्दल बोलत नाही.

आवाजाला मी एवढं वर का ठेवतो? शहरात ही गाडी बराच वेळ नुसत्या मोटरवर चालते. इंजिन गप्प असतं, तेव्हा टायरची गुणगुण थेट कानात येते. पुणे-मुंबई द्रुतगतीच्या काँक्रीटवर तर ती गर्जनाच होते. काही टायरच्या आत आवाज गिळणारा फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. आत बसून फरक कळतो, पण पंक्चर निघालं तर आधी तो फोम कापून काढावा लागतो, आणि हायवेवरच्या टपरीत हे काम जमेलच असं नाही. रोज शहरात फिरणाऱ्याने घ्यावा, दर शनिवारी आडवाटेच्या गावाला जाणाऱ्याने दोनदा विचार करावा. आणि दिसायला रांगडे म्हणून ऑल-टेरेन टायर टाकायचा मोह होत असेल तर तो आवरा. आवाजही वाढतो आणि मायलेजही जातं.

मायलेजबद्दल एक गंमत. नवे टायर टाकले की गाडी कमी ॲव्हरेज देते, अशी तक्रार हमखास होते. नव्या, जाड नक्षीचा टायर लोळायला थोडा जड असतो हे खरंच. पण हिशोबाचाही भाग आहे. २३५/५० आर २० चा व्यास साधारण ७४३ मिलिमीटर. नक्षी ५ मिलिमीटर झिजली की व्यास १० ने कमी होतो, म्हणजे सव्वा टक्क्याहून थोडा जास्त. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतरात ते जास्त फेरे घेतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे जुन्या टायरवरचं ॲव्हरेज थोडं फुगलेलंच होतं.

चारही बदलायचे की दोनच, हे गाडीच्या रचनेवर ठरतं आणि ते आधी माहीत करून घ्यावं. एनएक्स ३५०एचच्या ई-फोर प्रणालीत मागची चाकं स्वतंत्र मोटरवर फिरतात, इंजिनपासून मागे जाणारा शाफ्टच नाही. माइल्ड हायब्रिड (छोट्या मोटरची इंजिनला नुसती मदत असलेल्या) व्होल्वो एक्ससी ९० मध्ये तो आहे, आणि पुढची-मागची चाकं जोडणारं कपलिंगही आहे. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले की दोन्हीकडच्या फेऱ्यांमध्ये फरक पडतो आणि त्या कपलिंगवर कायमचा ताण येतो. अशा गाडीला चारही एकदम बदला. दोनच बदलणं पुस्तकात चालत असेल, तर नवी जोडी मागे टाका. पुढे टाकावी असं वाटणं साहजिक आहे, पण पाण्यात मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं बहुतेकांच्या हातात राहत नाही.

डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे का बघा. ऑक्टोबर २०२० पासून, हवेचा दाब सांगणारे सेन्सर आणि पंक्चर किट असलेल्या गाडीला स्टेपनीशिवाय विकायची मुभा आहे, आणि हायब्रिडमध्ये ती जागा पुष्कळदा बॅटरीने घेतलेली असते. किट असेल तर त्यातल्या सीलंटच्या बाटलीवरची तारीख वाचा. मूळ टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, असतील आणि तुम्ही साधे घेणार असाल, तर पंक्चर झाल्यावर काय करायचं हे आजच ठरवा.

आता फोन. दोन-तीन दुकानांना विचारा, पण नुसतं कंपनीचं नव्हे, टायरच्या मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन भाव मागा. बनवल्याची तारीखही विचारा. डीओटीने सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार अंक ती सांगतात: ०८२६ म्हणजे २०२६ चा आठवा आठवडा. मोठ्या रिमचे टायर रोज खपत नाहीत, गोदामात पडून राहतात. म्हणून व्हॉट्सॲपवर त्या अंकांचा फोटो मागवा, चारही टायरचा. वर्षाहून जुना माल असेल तर भाव पाडून मागा किंवा सोडून द्या. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तो बिलात दिसला पाहिजे. फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह यांचे पैसे आत आहेत की वर, आणि जुन्या टायरचे किती देणार, तेही तेव्हाच मिटवा.

दुकानात गेल्यावर गाडी पूर्ण बंद करा. हायब्रिड चालू असूनही गप्प उभी असते, त्यामुळे डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसत असताना कुणाला खाली हात घालू देऊ नका. जॅक कंपनीने नेमून दिलेल्या जागीच लागला पाहिजे, कारण गाडीखालच्या नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. एअर सस्पेन्शन असलेल्या एक्ससी ९० मध्ये मधल्या स्क्रीनवरच्या सेटिंगमधून लेव्हलिंग कंट्रोल आधी बंद करावं लागतं, नाहीतर जॅकवर असताना गाडी स्वतःची उंची बदलायला जाते. टायर काढणाऱ्या दुकानातल्या पोराला आधीच सांगा की व्हॉल्व्हला हवेच्या दाबाचा सेन्सर जोडलेला आहे, टायर उचकटायची पट्टी जपून घाल. नट शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळून घ्या, नुसत्या नट फिरवायच्या गनवर सोडू नका. हवा स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, टायर थंड असताना. साईडवॉलवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागून घ्या आणि बिलावर चारही टायरचे क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला लागतात. नव्या रबरावर साच्याचा तुळतुळीत थर असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणं टाळा. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा दुकानात जाऊन नट तपासून घ्या.