पी.टी.च्या तासाला पोरं मैदानात असतात, पण पळतात किती?

चाळीस पोरांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि खो-खो. मीही वर्षानुवर्षं असाच तास घेतला आणि कडेला उभा राहून खूश झालो. मग एकदा हिशेब मांडला. पाठलाग करणारे नऊ, त्यातले आठ बसलेले. आत पळणारे तीन. म्हणजे एका वेळी धावपळ चौघांची. उरलेली अठ्ठावीस पोरं कडेला एकमेकांच्या चपला लपवत बसलेली.

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात दोघं लढतात आणि हजारो बघतात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये ते मैदान उभारलं तेच मुळी कुठंही बसलं तरी कुस्ती दिसावी असं. शाळेचं मैदान बघायला नसतं.

म्हणून पहिली चूक : रोजच्या तासाला स्पर्धेचे नियम लावणं. सहाजणांची आखूड रांग करा, एक पाठलागाला, तिघं पळायला. असे चार खेळ एकदम लावले की चाळीसही पोरं आत आणि पळणारी चाराची सोळा होतात. दर दोन मिनिटांनी अदलाबदल करा. सुरुवातीला दहा मिनिटं साखळी घ्या, त्यात कुणी बसूच शकत नाही.

दुसरी चूक मला जास्त लागली : ‘बाद’. चौथीतली एक मुलगी लंगडीत दरवेळी पहिली बाद व्हायची आणि तास संपेपर्यंत नळाजवळच्या पायरीवर खडूनं चित्रं काढत बसायची. मला वाटायचं, हिला खेळाची आवडच नाही. खरं तर जिला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तिलाच मी सगळ्यात आधी बाहेर बसवत होतो. मग नियम बदलला : बाद झालं की कडेला दहा दोरीउड्या मारायच्या आणि परत आत. ती अजूनही पहिलीच बाद होते. पण एका तासात सहा वेळा होते, म्हणजे सहा वेळा आत येऊन पळते. पायरीवरची चित्रं मात्र बंद झाली, याचं थोडं वाईट वाटतं.

कॅप्टनला गडी निवडायला लावू नका. शेवटी उरणारं पोर रोज तेच असतं. एक-दोन, एक-दोन मोजून गट पाडा.

‘पाढे आले नाहीत? मैदानाला दोन फेऱ्या मार.’ हे तर बंदच करा. शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मनाई आहे, आणि पळणं म्हणजे शिक्षा हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. गृहपाठ राहिला म्हणून पी.टी. बंद, हेही त्यातलंच.

पोरं पुरेशी हलली का, हे कसं ओळखायचं? खेळताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं अशी हालचाल सांगते. एका तासात ती होणार नाही, हे पालकसभेत स्पष्ट सांगा.

राहिला पाऊस. आपल्याकडं जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, म्हणून चार महिने तासाला गणित घेतलं जातं. जुन्या मोज्यांत चिंचोके भरून तोंड शिवून टाका, वर्गात फेकाफेकीला चेंडू तयार. बाकं भिंतीला सरकवा. व्हरांड्याच्या ओल्या फरशीवर मात्र पळवू नका, एक घसरला तर सगळ्यांचा खेळ महिनाभर बंद होतो.