थायलंडच्या बारमधली घंटा उगाच वाजवू नका

बँकॉक, पटाया किंवा फुकेतच्या छोट्या बारमध्ये काउंटरवर एखादी घंटा टांगलेली दिसते. ती शोभेची नाही. वाजवणाऱ्याने बारमधल्या सगळ्यांना एकेक पेग पाजायचा असतो, आणि तो खर्च त्याच्याच बिलात चढतो. फोटोच्या नादातही दोरीला हात लावू नका. सोबतच्या मित्रांना ही गोष्ट आत शिरण्याआधीच सांगा.

अशा बारमध्ये तुमच्यासमोर छोटा पेला ठेवून त्यात प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी खोचत जातात. मधूनमधून ती पाहत राहा. हिशेब तिथल्या तिथे मिटतो. बिल मागताना ‘चेक बिन’ म्हटलं की पुरतं.

थाई मंडळींनी टेबलावर बोलावलं तर मात्र आनंदाने बसा. तिथे अख्खी बाटली, सोडा आणि बर्फाची बादली मधोमध असते. बिअरमध्येही बर्फ घालतात, नाक मुरडू नका. त्या उकाड्यात तो छानच वाटतो. आपला ग्लास भरण्याआधी शेजाऱ्याचा भरावा. वडीलधाऱ्यांशी ग्लास भिडवताना आपला थोडा खाली धरावा, ही अदब त्यांच्या लगेच लक्षात येते. ‘चोन कॅओ’ म्हणजे ग्लास भिडवा, ‘मोत कॅओ’ म्हणजे रिकामा करा. ‘मोत कॅओ’ला हसून नकार दिला तरी कुणी रागावत नाही.

वयाची अट 20 वर्षं आहे, पासपोर्ट जवळ ठेवा. ई-सिगारेट मात्र नेऊच नका, तिथे तिच्यावर बंदी आहे. विशाखा पूजेसारख्या बौद्ध सणांना दुकानांत दारू मिळत नाही.